बोलणारा पडदा आणि बोलू पाहणारे मूल

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गाविलगडचे डोंगर ओलांडले की धारणी तालुका लागतो. परतवाड्याहून निघालेली वाट सागाच्या जंगलातून सेमाडोह, हरिसाल करीत धारणीस पोचते. त्यापलीकडे तापीचे खोरे आणि मध्य प्रदेशची सीमा. या मुलखातील कोरकू घरात वाढणाऱ्या लहान मुलाच्या कानावर तीन भाषा पडतात. घरात माय आणि आजी कोरकूत बोलतात. बाजारात हिंदी चालते. अंगणवाडीत आणि शाळेत गेले म्हणजे मराठीशी गाठ पडते. अलीकडे या तिहींच्या जोडीला आणखी एक बोलणारा घरात येऊन बसला आहे. तो माणूस नव्हे. हाताच्या तळव्याएवढा पडदा आहे. तो न थकता बोलतो, गातो, हसतो, रंग उधळतो. त्याचे बोलणे बहुधा हिंदी असते, कधी मराठी, कधी इंग्रजी. कोरकू मात्र फार क्वचित.

याच तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. दवाखान्यातील सल्ला, शाळेतील पाठ आणि सरकारी कागदपत्रे तारायंत्राहूनही जलद गावात यावीत, हा त्या योजनेमागील हेतू होता आणि तो स्तुत्यच होता. त्याच सुमारास देशभर इंटरनेट स्वस्त झाले. पुढे २०२० साली साथीमुळे शाळा आणि अंगणवाड्यांची दारे बंद झाली आणि मोठ्या भावंडांच्या अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल अनेक घरांत मुलांच्या हाती गेला. अभ्यास संपला, शाळा उघडल्या. परंतु हात काही रिकामा झाला नाही. आणि थोरल्याच्या हातातील वस्तू धाकट्याच्या हाती जावयास कितीसा वेळ लागतो?

हा प्रश्न केवळ धारणीचा आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या किंवा नागपूरच्या सुशिक्षित घरात दीड वर्षाचे बाळ जेवावयास बसते तेव्हा काय घडते, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे. पूर्वी घास भरविताना काऊचा एक, चिऊचा एक असे घास होत. अंगणातील कावळा दाखविला जाई, मांजराला हाक मारली जाई. आता पुष्कळ घरांत पडद्यावर चित्रे नाचू लागतात, बाळाचे तोंड आपोआप उघडते आणि घास आत जातो. पोट भरते हे खरे. पण त्या अर्ध्या घटकेत कानांना आणि जिभेला जे अन्न मिळावयाचे, ते मिळाले काय? याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

मूल भाषा कशी शिकते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपण समजतो की, मूल पहिला शब्द बोलते त्या दिवशी भाषेचा आरंभ होतो. वस्तुतः तो दिवस म्हणजे रोप मातीबाहेर डोकावण्याचा दिवस. बी त्याच्या कितीतरी आधी रुजलेले असते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन संशोधकांनी कॅनडात केलेला एक प्रयोग मराठी माणसास विशेष मौजेचा वाटेल. आपल्या ‘त’ आणि ‘ट’ या दोन वर्णांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसास सहसा ऐकूच येत नाही. दोन्ही त्याला एकच वाटतात. या संशोधकांनी इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील हे दोन उच्चार ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतील भेद कळत होता; दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो कळला. याचा अर्थ असा की, मूल जन्मते तेव्हा त्याचे कान जगातील बहुतेक भाषांना मोकळे असतात, आणि वर्ष भरता भरता ते आपल्या घरच्या भाषेला लावून घेतले जातात. वीणेच्या तारा जुळवाव्यात, त्याप्रमाणे पहिल्या वर्षात बालकाचा कान घरातल्या माणसांच्या आवाजाशी जुळविला जातो.

मग हे जुळविण्याचे काम पडद्यावरचा आवाज करू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील संशोधिका पॅट्रिशिया कूल आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दिले. त्यांनी इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांची मुले घेतली. काही मुलांसमोर चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष बसल्या. त्यांनी पुस्तके वाचून दाखविली, खेळणी हालविली, मुलांच्या डोळ्यांत पाहून गप्पा मारल्या. पंचवीस पंचवीस मिनिटांच्या अवघ्या बारा बैठका झाल्या, आणि मुलांना चिनी भाषेतील एक सूक्ष्म उच्चारभेद उत्तम ओळखू येऊ लागला. दुसऱ्या काही मुलांना त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तितकाच वेळ पडद्यावर दाखविण्यात आले. त्यांना तो भेद मुळीच ओळखता आला नाही. ज्या मुलांनी चिनी अक्षरही ऐकले नव्हते, त्यांच्याहून ती तसूभरही पुढे गेली नाहीत. नुसता आवाज ऐकविलेल्या मुलांचीही तीच गत झाली. आवाज तोच, शब्द तेच, चेहराही तोच. उणे होते ते एवढेच, की समोर माणूस नव्हता.

समोर माणूस असल्याने असे काय घडते? पुष्कळ काही घडते. दहा महिन्यांचे मूल छपराकडे बोट करते आणि ‘आ’ असा उद्गार काढते. माय त्या बोटाच्या दिशेने पाहते, तिला चिमणी दिसते, आणि ती त्याच क्षणी चिमणीचे नाव घेते. मूल पुन्हा मायकडे पाहते, पुन्हा उद्गार काढते. माय पुन्हा बोलते. या लहानशा देवघेवीत तीन गोष्टी एका जागी येतात: मुलाचे लक्ष, वस्तू आणि तिचे नाव. मुलाला जे पाहिजे होते, तेच नाव, पाहिजे त्या क्षणी मिळते. पडद्यावरील चिमणी कितीही गोड गात असली, तरी मुलाचे बोट कोठे वळले हे तिला दिसत नाही. मुलाने ‘आ’ म्हटले तरी ती गातच राहते आणि मूल गप्प बसले तरी गातच राहते. ती बोलते, पण ऐकत नाही. भाषा हा चेंडूचा खेळ आहे. एकाने टाकावा, दुसऱ्याने झेलावा आणि परत टाकावा. भिंतीवरील चित्राशी तो खेळता येत नाही.

मराठीतील एका साध्या शब्दावरून हे अधिक स्पष्ट होईल. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्यास वगळावयाचे असेल तर ‘आम्ही’, आणि त्याला बरोबर घ्यावयाचे असेल तर ‘आपण’. इंग्रजीत हा भेद नाही. कोरकूत मात्र तो आहे. आता हा भेद मुलाने शिकावा कसा? ‘आपण बाजाराला जाऊ’ असे म्हणून बापाने त्याला खांद्यावर घेतले, की ‘आपण’ म्हणजे काय ते त्याला कळते. ‘आम्ही जाऊन येतो’ असे म्हणून त्याला आजीच्या कडेवर दिले, की ‘आम्ही’चा अर्थ रडत रडत कळतो. पडद्यावरील चित्रही ‘आपण’ म्हणते; परंतु त्या ‘आपण’मध्ये मूल खरोखर कधीच नसते. मी, तू, हा, तो, इथे, तिथे, माझे, तुझे हे सर्व शब्द अशाच जातीचे आहेत. बोलणारा आणि ऐकणारा एका ठिकाणी असल्याशिवाय त्यांना अर्थच नाही, आणि संसारातील बोलण्याचा पाया तर याच शब्दांवर उभा आहे.

आता प्रत्यक्ष पडद्याविषयी काय आढळून आले आहे ते पाहू. लहान मुलांना शब्द शिकविण्यासाठी म्हणून खास तयार केलेली चित्रफीत घेऊन ज्युडी डीलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मुले बारा ते अठरा महिन्यांची होती. काहींनी महिनाभर ती चित्रफीत एकट्याने पाहिली, काहींनी आईवडिलांबरोबर पाहिली. काही घरांत चित्रफीत न दाखविता, तेच शब्द आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात सवडीप्रमाणे शिकवावे असे सांगितले. आणि काही घरांत काहीच केले नाही. महिन्याअखेर सर्वांत अधिक शब्द शिकली ती मुले, ज्यांना आईवडिलांनी तोंडी शिकविले होते. चित्रफीत पाहणारी मुले, काहीच न केलेल्या मुलांहून पुढे नव्हती. यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या पालकांना ती चित्रफीत आवडली होती, त्यांना आपले मूल तिच्यापासून पुष्कळ शिकले असे वाटत होते. मूल पडद्याकडे एकटक पाहत बसते, तेव्हा ते शिकत आहे असा आपला समज होतो. एकटक पाहणे निराळे आणि शिकणे निराळे.

तथापि पडद्याचा मोठा तोटा त्याने काय शिकविले नाही यात नसून, त्याने घरातील कोणते बोलणे थांबविले यात आहे. डिमिट्री क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या ३२९ मुलांच्या अंगरख्यात एक लहानसे ध्वनिमुद्रक यंत्र ठेवून, त्यांच्या कानावर दिवसभर काय पडते हे मोजले गेले. घरात दूरचित्रवाणीचा आवाज चालू असेल, तर प्रत्येक तासागणिक मोठ्या माणसांच्या तोंडून मुलाला ऐकू येणारे शब्द सुमारे ७७० नी कमी भरले. मुलांच्या स्वतःच्या उद्गारांची संख्या आणि उभयतांतील बोलण्याच्या फेऱ्याही घटल्या. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांचा अशाच रीतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षे वयाच्या मुलांच्या बाबतीत असे दिसले की, पडद्यापुढील प्रत्येक अधिक मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे सात शब्द, मुलाचे सुमारे पाच उद्गार आणि देवघेवीची एक फेरी कमी होते. मिनिट हा काही मोठा काळ नव्हे. पण मिनिटांचे तास होतात, तासांचे महिने होतात, आणि बालपणाची तीन वर्षे पुन्हा येत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पडदा मुलाच्या हाती असेल तरच बोलणे थांबते असे नाही; तो आईबापांच्या हाती असला तरी थांबते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आया नवे शब्द शिकवीत होत्या. एक शब्द शिकविताना मध्येच फोन वाजला आणि आईने तो घेतला. दुसरा शब्द अखंड शिकविला. दोन्ही शब्द मुलाने सारख्याच वेळा ऐकले होते. अखंड शिकविलेला शब्द मुलांना आला. फोनने तोडलेला आला नाही. शब्द आणि त्याची समजूत यांच्यामध्ये जो नाजूक धागा असतो, तो अशा रीतीने तुटतो. तेव्हा मुलाच्या हातातील खेळणे काढून घेण्यापूर्वी मोठ्यांनी आपलाही हात तपासून पाहणे बरे.

यावर कोणी विचारील, की ज्या घरांत मुलाशी बोलावयास मुळातच कोणास सवड नाही, तेथेच पडदा अधिक चालत असेल. मग दोष पडद्याचा की सवडीच्या अभावाचा? ही शंका रास्त आहे. वर सांगितलेले मोजमापाचे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे दाखवितात. एकीमुळेच दुसरी घडते असे त्यांवरून सिद्ध होत नाही. या शंकेचे निरसन करण्याच्या दृष्टीने कॅनडातील शेरी मॅडिगन यांच्या गटाने सुमारे २४०० मायलेकरांना दोन, तीन आणि पाच वर्षे या तीन टप्प्यांवर पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, आधी पडदा अधिक असलेल्या मुलांची पुढील टप्प्यावरील वाढ काहीशी मागे असते. आधी मागे असलेल्या मुलांना पुढे पडदा अधिक मिळतो, असे मात्र दिसले नाही. पुढील वर्षी याच संशोधिकेने बेचाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पडद्याचा वेळ आणि भाषेची वाढ यांचा उलटा संबंध दिसला. परंतु तो लहान होता. तेव्हा पडदा पाहिला म्हणून मूल मुके होते, अशी भीती कोणी घेऊ नये आणि शेजाऱ्यांस घालूही नये. तो विषाचा पेला नव्हे. तो जागा अडविणारा पाहुणा आहे. तो ज्या जागेवर बसतो ती जागा कोणाची होती, हा खरा प्रश्न आहे.

सर्वच पडदे एका मापाने मोजू नयेत, याचेही प्रमाण आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारांनी शिकविली: समोर बसून, पडद्यावर परंतु प्रत्यक्ष संभाषण करून, आणि आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीने. पहिल्या दोन प्रकारांत मुले शिकली; तिसऱ्यात शिकली नाहीत. म्हणजे अडसर काचेचा नव्हता. काचेपलीकडचा माणूस मुलाला उत्तर देतो की नाही, हा मुद्दा होता. मेळघाटातील अनेक कुटुंबांतील माणसे पीकपाणी आटोपल्यावर मजुरीसाठी दूर जातात आणि होळीच्या सणाला घरी परततात. अशा बापाचा चेहरा संध्याकाळी पडद्यावर दिसतो, तो लेकराला नावाने हाक मारतो, लेकरू हसते, बाप त्या हसण्याला उत्तर देतो. हा पडद्याचा उत्तम उपयोग होय. परदेशी असलेल्या लेकीच्या मुलाशी पुण्यातील आजी मराठीतून बोलते, तेव्हाही असेच घडते. तद्वतच दोन वर्षांपुढील मुलाबरोबर मोठ्या माणसाने बसून एखादी चांगली गोष्ट पाहिली, मध्येच थांबवून ‘हा कोण? कोठे निघाला?’ असे विचारले, तर पडदाही चित्रांच्या पुस्तकाच्या जवळपास येतो.

आता धारणीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तेथे या प्रश्नाची धार अधिक तीक्ष्ण आहे. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्या संथाळी, मुंडारी या बहिणी दूर झारखंडाकडे नांदतात, आणि त्या कुळातील अगदी पश्चिमेकडची शाखा म्हणजे कोरकू. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ म्हणजे माणसे. जॉन ड्रेक यांनी तिचे व्याकरण १९०३ साली प्रसिद्ध केले. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिचा परिचय आहे. संस्कृत शिकताना द्विवचनाने ज्यांना घाम फोडला असेल, त्यांना हे ऐकून नवल वाटेल की, कोरकूत द्विवचन आजही जिवंत आहे. मराठीने जे केव्हाच टाकून दिले, ते मेळघाटातील तीन वर्षांचे पोर खेळता खेळता उचलते. त्याला ते कोणी पाठ करावयास लावीत नाही. दोन कुत्री दारात येतात, आजी त्यांच्याविषयी काही बोलते, आणि व्याकरण आपोआप अंगी मुरते.

२०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारांची संख्या महाराष्ट्र व मध्य प्रदेश मिळून सुमारे सव्वासात लाख भरली. आकडा अगदीच लहान नव्हे. परंतु भाषेचे आयुष्य बोलणारांच्या संख्येवर मोजले जात नाही, ते आजी आणि नातवंड यांच्यातील बोलण्यावर मोजले जाते. मराठी मुलाचा एक तास पडद्यापुढे गेला, तर त्याचे घरातील बोलणे तासाने उणे होते. पण शाळेत, रस्त्यावर, पुस्तकात, वर्तमानपत्रात मराठी त्याला पुन्हा भेटत राहते. कोरकू मुलाचा तो तास गेला, की त्या भाषेला दुसरे घर नाही. शाळेत ती भेटत नाही, बाजारात क्वचित भेटते, पडद्यावर जवळजवळ नाहीच. जी भाषा केवळ तोंडातून कानात जाऊन जगते, तिला घरातील शांत संध्याकाळ हीच शाळा आणि हेच ग्रंथालय असते.

‘पण पडद्यावरून मूल हिंदी किंवा मराठी तरी शिकेल, पुढे शाळेत उपयोगी पडेल’, असे त्यावर म्हटले जाते. शहरांत हेच वाक्य इंग्रजीविषयी म्हटले जाते. सिअ‍ॅटलच्या प्रयोगाने या आशेला किती आधार आहे ते दाखविलेच आहे. चार दोन शब्द, रंगांची नावे, एखादे गाणे मूल पोपटासारखे म्हणून दाखविते आणि घरचे आनंदून जातात. परंतु तहान लागली, दुखले, भीती वाटली, हे सांगण्याची भाषा त्याला पडदा देत नाही. उलट ज्या मुलाची घरची भाषा पक्की झाली आहे, ज्याला गोष्ट ऐकण्याची, प्रश्न विचारण्याची, कारण सांगण्याची सवय लागली आहे, ते मूल दुसरी भाषा त्या पायावर चढविते. दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो हा समज निराधार आहे. म्हणूनच कोरकू मायेला ‘घरी मराठीत बोलत जा’ असा जो सदिच्छेने सल्ला दिला जातो, तो हिताचा नाही. मोडक्या मराठीत ती चार वाक्ये बोलेल. कोरकूत ती चारशे बोलेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आरंभीचे शिक्षण, शक्य तेथे, घरच्या भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. १९५६ पासून घटनेच्या ३५० अ या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी तशी तरतूद आहेच.

शहरातील वाचकांनी या ठिकाणी एक गोष्ट मनाशी ताडून पाहावी. धारणीच्या पाड्यावरील घरात पैका कमी असेल, पुस्तक नसेल. परंतु ओसरीवर आजी असते, चुलत भावंडे असतात, शेळ्या आणि कोंबड्या असतात आणि प्रत्येकाविषयी काही ना काही बोलणे चालू असते. शहरात तिसऱ्या मजल्यावर बंद दारामागे, दिवसभर एका सांभाळणारीबरोबर आणि एका पडद्याबरोबर राहणारे मूल भाषेच्या बाबतीत त्याच्याहून श्रीमंत असेलच असे नाही. मात्र धारणीच्या मायेचे कष्टही विसरता कामा नयेत. शेत, सरपण, पाणी आणि चूल यांत जिचा दिवस जातो, तिने पडद्याने मूल घटकाभर गप्प बसविले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणास नाही. तिला उपदेशापेक्षा हातभार हवा; चांगली चाललेली अंगणवाडी आणि तेथे कोरकूत बोलणारी ताई हा त्या हातभाराचा पहिला प्रकार होय.

मग घरोघरी करावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेली मर्यादा सुटसुटीत आहे: एक वर्षापर्यंत पडदा मुळीच नको, दुसऱ्या वर्षातही तो टाळावा, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावा, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. आप्तांशी प्रत्यक्ष संभाषणापुरती सवलत दोन वर्षांखालील मुलांनाही आहे. परंतु नुसता पडदा बंद केल्याने भाषा येत नाही. रिकामी झालेली जागा बोलण्याने भरली पाहिजे. जेवताना पडदा नको आणि निजतानाही नको, एवढे दोन नियम पाळले तरी दिवसातील दोन उत्तम घटका परत मिळतात. कोणी पाहत नसता दूरचित्रवाणी चालू ठेवू नये. हाच न्याय रेडिओलाही लागू आहे. तोही बोलतो पण ऐकत नाही, तेव्हा मोठ्यांनी भाषण ऐकावे आणि संपताच तो बंद करून मुलाचे ऐकावे.

मुलाशी बोलताना फार काही योजावे लागत नाही. भाजी निवडताना भाजीचे नाव घ्यावे, अंघोळ घालताना हातापायांची नावे घ्यावीत, मूल ज्याकडे पाहील त्याविषयी बोलावे. आणि बोलून झाल्यावर थांबावे. हे थांबणे सर्वांत महत्त्वाचे. मोठ्यांना स्तब्धता सहन होत नाही; प्रश्न विचारून ते आपणच उत्तर देऊन टाकतात. मुलाला शब्द शोधावयास वेळ लागतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत, तोंवर बहुधा काही तरी उद्गार येतो; त्या उद्गाराला शब्द मानून उत्तर द्यावे. असे उत्तर मिळत गेले म्हणजेच मुलाला कळते की, आपल्या आवाजाने जग हालते.

सर्व करूनही मूल बोलत नसेल, तर केवळ पडद्यावर ठपका ठेवून स्वस्थ बसू नये. वर्ष उलटूनही मूल नावाला ओ देत नसेल, बोट करून दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याचे कान आधी तपासून घ्यावेत. न ऐकणारे मूल बोलणार कसे? आलेला शब्द मूल विसरू लागले, तर एक दिवसही वाट पाहू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि तीत वाढीतील विलंब, ऐकण्यातील दोष व बोलण्यातील अडचणीही पाहिल्या जातात. तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मायेने ‘हे अजून बोलत नाही’ एवढे एक वाक्य, कोणत्याही भाषेत, धीटपणे सांगावे; आणि ते ऐकणारानेही ‘बोलेल पुढे’ असे म्हणून तिला परत पाठवू नये.

भाषा ही मुलाला द्यावयाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग देणगी आहे. तिला पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. आणि ती पडद्याला देता येत नाही, याचे कारण साधे आहे. देणाराने घेणाराकडे पाहावे लागते. धारणीच्या ओसरीवर काय, शहरातील दिवाणखान्यात काय, कोणी तरी आपल्याकडे पाहील आणि आपल्या अर्धवट शब्दाला उत्तर देईल, या वाटेकडे मूल डोळे लावून बसलेले असते.